अद्भुत कादंबऱ्या कोणासाठी?

अद्भुत कादंबऱ्या म्हणजे लहान मुलांची करमणूक. मूल मोठे झाले की त्याने ती पुस्तके बाजूस ठेवावी, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. तो कितपत खरा आहे, हे दोन प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकांवरून पाहू.

जोनाथन स्विफ्ट हा डब्लिन येथील एका मोठ्या चर्चचा प्रमुख धर्माधिकारी होता. गलिव्हर नावाच्या प्रवाशाच्या चार सफरींचे त्याचे पुस्तक १७२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. ते त्याने मुलांसाठी लिहिलेच नव्हते. त्यातील लिलिपुट देशाची माणसे अवघी सहा इंच उंचीची. पण अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे, या वादापायी ती शेजारच्या राज्याशी युद्ध करतात! क्षुल्लक मतभेदांवरून रक्तपात करणाऱ्या युरोपाचा हा उपहास होता. मुलांना मात्र ते चिमुकले राज्यच आवडले. पुढे प्रकाशकांनी शेवटच्या दोन सफरी गाळून मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या काढल्या.

दुसऱ्या पुस्तकाची हकीकत याच्या उलट आहे. ऑक्सफर्ड येथील गणिताचा अध्यापक चार्ल्स डॉज्सन याने ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहार करताना तीन लहान बहिणींना एक गोष्ट सांगितली. त्यांपैकी दहा वर्षांच्या ॲलिसने ती लिहून देण्याचा हट्ट धरला. १८६५ साली ती लुइस कॅरल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्या गोष्टीतील राणी अपराध सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा मागते. मुले तिला हसतात. मोठ्यांना मात्र खरोखरीचे अन्याय आठवतात. तर्कशास्त्राचे पंडितही या पुस्तकातील उदाहरणे देत असतात.

मोठ्यांसाठी लिहिलेले पुस्तक मुलांनी आपलेसे केले आणि एका मुलीसाठी रचलेली गोष्ट पंडितांच्या अभ्यासाचा विषय झाली. तेव्हा पुस्तक कोणाचे, हे केवळ लेखकाच्या हेतूवरून ठरत नाही.

मोठ्यांना कळते ते मुलांना कळतच नाही, असेही मानू नये. गलिव्हर महाकाय माणसांच्या राजाला तोफेची दारू करण्याची कृती शिकवू पाहतो, आणि तिच्या योगे होणारा संहार ऐकून राजा तिचा धिक्कार करतो. त्या राजाचे मन ओळखण्यास वयाची अट नाही.

मुलांनो, आज ही पुस्तके संक्षिप्त रूपात अवश्य वाचा. परंतु ती वाचून संपली असे समजू नका. मोठेपणी मूळ पुस्तके पुन्हा हाती घ्या. शब्द तेच असतील. तुमचा अनुभव मात्र वाढलेला असेल.