गोरिल्लाचं अंग, पाणबुड्याचं डोकं

परग्रहावरून आलेला, अख्ख्या माणूसजातीचा निकाल लावणारा यंत्रमानव पडद्यावर दाखवायचा आहे आणि त्याचा पोशाख बनवायला पैसे नाहीत. १९५३ साली दिग्दर्शक फिल टकर यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी जॉर्ज बॅरोज या नटाला बोलावलं, कारण बॅरोजकडे गोरिल्लाचा पोशाख स्वतःच्या मालकीचा होता. मानेपासून खाली गोरिल्ला, वर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण आणि त्यावर अँटेना. झाला यंत्रमानव तयार! सिनेमाचं नाव ‘रोबोट मॉन्स्टर’. लॉस एंजेलिसमधल्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये चार दिवसांत चित्रीकरण आटोपलं, खर्च साधारण सोळा हजार डॉलर. राक्षसाच्या गुहेत साबणाचे बुडबुडे सोडणारं एक यंत्र सतत चालू असतं आणि श्रेयनामावलीत त्या यंत्राचं नाव मानाने झळकतं. याचं संगीत कोणाचं? एल्मर बर्नस्टीन यांचं. पुढे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ची ती घोडदौड करणारी धून ज्यांनी दिली, तेच!

स्वस्तातल्या राक्षसपटांवर माझा जीव आहे. टिंगल करायला म्हणून ते बघावेत, हे मला पटत नाही. कोट्यवधींच्या सिनेमात राक्षस संगणकातून येतो आणि तो कसा झाला हे आपल्याला कळतही नाही. इथे मात्र प्रत्येक दृश्यात दिसतं, की कोणीतरी हाताशी असेल ते घेऊन रात्रभर खटपट केली आहे. उरलेलं काम प्रेक्षकाने करायचं असतं आणि तो ते हौसेने करतो.

हाताशी असेल ते म्हणजे काय काय? निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांच्या ‘क्रीचर फ्रॉम द हॉन्टेड सी’ (१९६१) मधल्या समुद्रराक्षसाची कृती अशी: पाणबुड्याचा रबरी पोशाख, थोडं शेवाळ, भांडी घासायच्या तारेच्या भरपूर घासण्या, डोळ्यांना टेनिसचे चेंडू, बुबुळांना पिंगपाँगचे चेंडू, नखांना पाइप साफ करायच्या काड्या. अंग बुळबुळीत दिसावं म्हणून वरून काळं मेणकापड. हा सिनेमा झाला तोही असाच. दुसऱ्या सिनेमांसाठी मंडळी पोर्तो रिकोला गेलीच होती, मग हाताशी काही दिवस आणि माणसं आहेत तर आणखी एक करून टाकू! त्यात हेराचं काम करणारा तरुण होता रॉबर्ट टाउन, पुढे ‘चायनाटाउन’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवणारा.

कॉर्मन यांचाच ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ (१९५६) घ्या. राक्षस शुक्रावरचा. तिथलं गुरुत्वाकर्षण जबरदस्त असणार, म्हणून तिथला प्राणी बुटका आणि बसका असणार, असा कॉर्मन यांचा तर्क होता आणि तसा तो पॉल ब्लेजडेल यांनी बनवला. चित्रीकरणाच्या दिवशी नायिका बेव्हर्ली गार्लंड त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. राक्षस तिच्यापुढे अगदीच ठेंगणा! ‘तू जग जिंकायला आलास होय?’ अशा थाटात तिने त्याला लाथ घातली. कॉर्मन यांनी धडा घेतला आणि राक्षसाची उंची वाढवून घेतली. राक्षस नायिकेपेक्षा उंच हवाच, हा नियम त्यांनी पुढे कायमचा मनाशी धरला.

जेफ मॉरो या नटाची गोष्ट मात्र ऐकून हसू येतं आणि कणवही वाटते. ‘द जायंट क्लॉ’ (१९५७) मध्ये ते नायक. अंतराळातून आलेला महाकाय पक्षी विमानं गिळतो, असं कथानक. चित्रीकरणात पक्षी नव्हताच. वर बघा आणि घाबरा, एवढीच सूचना. सगळे नट जीव ओतून घाबरले. पक्षी मागाहून मेक्सिकोत स्वस्तात बनवून घेतला गेला. मॉरो यांनी तो पहिल्यांदा पाहिला तो आपल्या गावच्या थिएटरात, गावकऱ्यांसोबत. लांबलचक मान, बटबटीत डोळे, डोक्यावर केसांचा झुबका. थिएटर हास्याने दणाणलं आणि कोणी ओळखायच्या आत मॉरो बाहेर सटकले. पण आज हा सिनेमा पाहताना मला सगळ्यात जास्त आवडतं ते मॉरो यांचं काम. समोर काही नसताना हा माणूस किती खरा घाबरला आहे, ते बघा!

खरे प्राणी वापरले की पैसे वाचतात, असं वाटत असेल तर दिग्दर्शक बर्ट गॉर्डन यांचं ऐका. ‘बिगिनिंग ऑफ द एंड’ (१९५७) साठी त्यांनी टेक्सासहून दोनशेच्या आसपास नाकतोडे आणले. नाकतोड्यांनी एकमेकांना खायला सुरुवात केली आणि शेवटी डझनभर उरले. त्यांना शिकागोच्या इमारतींच्या छायाचित्रांवर चालवलं. एक बहाद्दर चालता चालता इमारत सोडून थेट आभाळावर पाय टाकतो! आणि ‘द किलर श्रूज’ (१९५९) मधल्या राक्षसी चिचुंद्र्या म्हणजे केसाळ पांघरुणं चढवलेले कुत्रे. शेपट्या हलवत धावतात बिचारे.

कॉर्मन यांच्याकडे पुन्हा यायलाच हवं, कारण त्यांनी काटकसरीची शाळाच काढली. दुसऱ्या सिनेमाचा उरलेला सेट मोडण्याआधी त्यांनी माणसं खाणाऱ्या झाडाचा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) दोन दिवस आणि एका रात्रीत उरकला. दंतवैद्याकडे दुखवून घ्यायला आनंदाने येणारा त्यातला रुग्ण म्हणजे कोवळा जॅक निकल्सन. त्यावर १९८२ मध्ये संगीत नाटक आलं, १९८६ मध्ये त्याचा मोठ्या खर्चाचा सिनेमा झाला. कोपोला, स्कॉर्सेसी यांना सुरुवातीच्या काळात दिग्दर्शनाची संधी देणारे हेच कॉर्मन. ‘गॅलेक्सी ऑफ टेरर’ (१९८१) मध्ये त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका तरुणाने खाण्याच्या पार्सलचे थर्माकोलचे डबे भिंतीवर चिकटवून अंतराळयान सजवलं. तुटलेल्या हातावरच्या अळ्या वळवळेनात, तेव्हा त्याने त्यांना विजेचा बारीक झटका द्यायची सोय केली. ‘ॲक्शन’ म्हटलं की अळ्या सुरू, ‘कट’ म्हटलं की बंद. तेव्हा आलेल्या पाहुण्या निर्मात्यांना वाटलं, जो अळ्यांकडून काम करून घेतो, तो नटांकडून काय नाही करून घेणार! तरुणाचं नाव जेम्स कॅमेरॉन. २००९ मध्ये कॉर्मन यांना मानद ऑस्कर मिळालं, आणि ते योग्यच झालं.

आता आपल्या मुंबईत या. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव पेलेना, म्हणून त्याचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं, लॅमिंग्टन रोडवर दुकान थाटलं आणि सिनेमाचाही नाद लागला. १९७० चा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा आणि जाड पोशाख घालून चोरी करायला येतात, गोळ्या त्यांच्या अंगावरून उडतात, त्या प्रसंगाला लोक किंचाळत होते. भावांनी वडिलांना सांगितलं, बाकीचं राहू द्या, हेच दाखवू.

भाऊ सात. शाळा कुठली? काश्मीरला हाउसबोटीवर मुक्काम ठोकून छायाचित्रणाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी पाठ केलं. मग कामं वाटून घेतली: कुमार लेखन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू निर्मितीची व्यवस्था, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी मंडळी महाबळेश्वरला गेली. सेट बांधायचा खर्च नाही, धुकं फुकट आणि घरच्या बायका स्वयंपाकाला. सिनेमा चालला आणि रामसे हे नाव भुताशी कायमचं जोडलं गेलं.

त्यांचा सामरी मला जगातल्या कुठल्याही राक्षसाच्या शेजारी बसवायला आवडेल. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला तो अजस्र देह अनिरुद्ध अगरवाल यांचा. रुरकीतून शिकलेले हे अभियंते. चेहरा आणि उंची अशी, की रंगभूषाकाराचं निम्मं काम आधीच झालेलं. ‘बंद दरवाजा’ (१९९०) मधला राक्षस नेवलाही तेच. पुढे त्यांनी ‘बँडिट क्वीन’मध्ये काम केलं आणि हॉलिवूडच्या ‘जंगल बुक’मध्येही!

मराठीत हा मान तात्या विंचूचा. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मधला बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि त्यात जीव ओतला दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाने. ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटावरून सुचलेला हा बाहुला पार आपल्या मातीतला होऊन गेला. लहान मुलांना तो झोपू देत नाही आणि तरी पुन्हा बघायचाच असतो.

प्रेक्षकाला खेळात ओढण्यात मात्र अमेरिकन निर्माते-दिग्दर्शक विल्यम कॅसल यांचा हात कोणी धरणार नाही. ‘मकाब्रे’ (१९५८) बघताना भीतीने कोणी मेलंच तर वारसांना हजार डॉलर, असा लंडनच्या लॉइड्सचा विमा त्यांनी जाहीर केला. ‘हाउस ऑन हॉन्टेड हिल’ला थिएटरात तारेवरून सांगाडा यायचा आणि पोरं त्याला पॉपकॉर्नचे डबे फेकून मारायची. ‘द टिंगलर’ला काही खुर्च्यांखाली मोटारी बसवल्या होत्या, पडद्यावर किडा सुटला, की खुर्ची थरथरायची.

‘द ब्लॉब’ (१९५८) मध्ये तर लालसर सिलिकॉनचा लगदाच राक्षस आहे. नायक स्टीव्ह मॅक्वीन, शीर्षकगीताच्या गमतीदार चालीमागे बर्ट बाकरॅक. लगदा थिएटरात शिरतो आणि लोक ओरडत रस्त्यावर धावतात, तो प्रसंग पेन्सिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिल गावच्या कलोनियल थिएटरात टिपला. थिएटर आजही चालू आहे. गेली वीसहून जास्त वर्षं जुलै महिन्यात तिथे ब्लॉबचा उत्सव भरतो. लोक आत जमतात आणि इशारा होताच सिनेमातल्यासारखे किंचाळत, एकमेकांना ढकलत त्याच दारातून बाहेर पळतात. या पळण्यासाठी तिकीट काढावं लागतं, आणि तिकिटं हातोहात संपतात.