टाकाऊ गाळातून बायोडिझेलचा उत्प्रेरक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कागद कारखान्यातील चुन्याचा गाळ किंवा ॲल्युमिना कारखान्यातील लाल चिखल यांपासून बायोडिझेल बनते, असे सर्रास म्हटले जाते. पहिला गैरसमज या विधानातच आहे. बायोडिझेल बनते ते वनस्पतितेल किंवा प्राणिज चरबी यांपासून. तेलाच्या एका रेणूची मिथेनॉलच्या तीन रेणूंशी अभिक्रिया होऊन मेदाम्लांच्या मिथिल एस्टरचे, म्हणजेच बायोडिझेलचे, तीन रेणू आणि ग्लिसरीनचा एक रेणू मिळतो. टाकाऊ पदार्थ या अभिक्रियेला केवळ वेग देतो, म्हणजे उत्प्रेरकाचे काम करतो. तो इंधनात उतरणे अपेक्षित नसते, आणि उतरलाच तर तो दोष ठरतो.

गाळ उचलून थेट वापरता येतो, हा समजही खरा नाही. लगदा शिजवताना वापरलेला कॉस्टिक सोडा परत मिळवण्यासाठी कागद कारखान्यात विरलेला चुना घातला जातो आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते. हे कार्बोनेट उत्प्रेरक म्हणून जवळजवळ निरुपयोगी असते. ते ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरते. १०० किलो शुद्ध कार्बोनेटपासून ५६ किलो चुनकळी मिळते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीचे इंधन वेगळेच. त्यामुळे ‘कचऱ्यापासून बनले म्हणून पर्यावरणस्नेही’ असे म्हणण्यापूर्वी हा हिशेब मांडलाच पाहिजे. शिवाय सगळा गाळ सारखा नसतो. बल्लारपूरच्या कागद उद्योगाने दीर्घकाळ वापरलेल्या बांबूत सिलिका भरपूर असते, ती गाळात उतरते, आणि म्हणूनच असा गाळ पुन्हा भाजून चुना मिळवणे कारखान्यालाही अवघड जाते. भाजताना हीच सिलिका चुनकळीशी संयोग पावून कॅल्शियम सिलिकेट बनवते व उत्प्रेरकाची आम्लारिता घटवते. म्हणजे जो गाळ कारखान्याला नकोसा होतो, तोच उत्प्रेरकासाठीही कठीण ठरतो.

उत्प्रेरक अभिक्रियेत खर्ची पडत नाही, हे पाठ्यपुस्तकातील विधान येथे शब्दशः लागू होत नाही. चुनकळी उघडी राहिली की हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावते. प्रत्यक्ष अभिक्रियेत तिचा काही अंश ग्लिसरीनशी संयोग पावतो आणि थोडे कॅल्शियम बायोडिझेलमध्ये विरघळते. युरोपच्या ईएन १४२१४ या मानकानुसार इंधनात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून दर किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत तेलाचे ९५ टक्के रूपांतर झाले एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पाचव्या वापरानंतर इंधनात किती कॅल्शियम उतरले, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे.

कोणतेही टाकाऊ तेल चालते, हेही खरे नाही. वारंवार तळलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात, त्यांचा चुनकळीशी संयोग होऊन कॅल्शियमचा साबण तयार होतो. अशा तेलावर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते.

उत्प्रेरक फुकट मिळाल्याने बायोडिझेल स्वस्त होईल, ही अपेक्षाही टिकत नाही, कारण उत्पादनखर्चाचा सर्वांत मोठा वाटा तेलाचा असतो. लाभ आहे तो वेगळ्या जागी. नेहमी उत्प्रेरक म्हणून वापरला जाणारा कॉस्टिक सोडा मिथेनॉलमध्ये विरघळतो, त्यामुळे तो काढण्यासाठी बायोडिझेल पाण्याने वारंवार धुवावे लागते आणि आम्लारीयुक्त सांडपाणी उरते. घन उत्प्रेरक गाळून वेगळा करता येतो आणि, कॅल्शियम मर्यादेत राखता आले तर, हे धुणे बरेच कमी होते.

कचऱ्याचे ढीग यातून संपतील का? कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जाते. या उद्योगात एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन लाल चिखल उरतो. याउलट रोज १०० टन तेलावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पाला, तेलाच्या ३ टक्के उत्प्रेरक पाच वेळा वापरला असे धरल्यास, दिवसाला जेमतेम ६०० किलो उत्प्रेरक पुरतो. लाल चिखलाचे ढीग कमी करायचे तर तो सिमेंट, विटा आणि रस्त्यांच्या भरावातच मोठ्या प्रमाणावर मुरवावा लागेल.