फ्रेंच मालिका आणि भाषेचा कान

परभाषा शिकविणाऱ्या शिक्षकाचे मन करमणुकीच्या साधनांविषयी मूळचेच साशंक असते. मालिका पाहून आपण भाषा शिकतो, असे विद्यार्थी सांगू लागला की ही अभ्यास चुकविण्याची सबब असावी, असेच त्यास प्रथम वाटते. तथापि आता या प्रश्नाकडे काणाडोळा करून चालणार नाही. नेटफ्लिक्ससारख्या, मागेल त्या वेळी चित्रपट व मालिका पुरविणाऱ्या सेवा २०१६ च्या जानेवारीपासून आपल्याकडे आल्या आणि त्यांच्यामागून फ्रान्समधील मालिका आपल्या घरांत शिरल्या. गोव्यातील शाळांतून तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुले आहेत. पुणे, मुंबई, हैदराबाद येथे आलियाँस फ्राँसेझच्या वर्गांना जाणारी आहेत. आणि यांतील पुष्कळजण घरी या मालिका पाहतात. त्यांनी त्या पाहाव्यात की नाही हे आता आमच्या हाती उरलेले नाही. कशा पाहाव्यात, एवढे सांगणे मात्र अजून आमच्या हाती आहे.

प्रथम हे पाहू, की पाठ्यपुस्तकाहून वेगळे असे या मालिकांत आहे तरी काय. एखादा परदेशी मनुष्य व्याकरणावरून मराठी शिकून आला, तर तो ‘तू काय करीत आहेस’ असे शिकून येईल. येथे त्याच्या कानावर पडेल ‘काय करतोयस’. ‘नाही आहे’ हे त्याला ठाऊक असेल, ऐकू येईल ‘नाहीये’. त्याच्या व्याकरणात काहीही चुकलेले नसते. पण त्याला आपली भाषा समजत नाही. फ्रेंचमध्ये हे अंतर याहून कितीतरी मोठे आहे. ‘मला ठाऊक नाही’ हे पुस्तकात ‘ज न से पा’ असे चार शब्दांत असते. बोलताना नकारदर्शक ‘न’ गळतो, उरलेले दोन आरंभीचे ध्वनी एकमेकांत मिसळतात, आणि ऐकू येते केवळ ‘शे पा’. ‘आहे’ या अर्थाचे ‘ईल या’ नुसते ‘या’ होते. ‘आम्ही जातो’ याला व्याकरणात ‘नू झालाँ’ नावासारखे रुबाबदार ‘नूझालोँ’ हे रूप आहे. नित्याच्या बोलण्यात मात्र ‘ओँ व्हा’ म्हणतात, जवळजवळ आपण ‘आपण जाऊ’ म्हणतो त्याच सहजतेने. कादंबरीत जो साधा भूतकाळ पानोपानी भेटतो तो बोलण्यातून पार नाहीसा झाला आहे.

आमची एक जुनी विद्यार्थिनी शालान्त परीक्षेत फ्रेंचमध्ये उत्तम गुण मिळवून पुढे ल्यों शहरी शिक्षणासाठी गेली. पहिल्याच आठवड्यात पाव घेताना दुकानातील बाईंनी तिला विचारले, ‘ए आव्हेक ससी?’ ‘आणि यासह?’ एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. तीनही शब्द तिला पहिल्या वर्षापासून येत होते. ‘आणखी काही हवे का’ असे विचारण्याची ती तेथील दुकानदारांची ठरीव रीत आहे, हे कोणत्याच धड्यात नव्हते. ती गोंधळून पैसे पुढे करून निघून आली आणि पुढे कित्येक दिवस वस्तू स्वतः उचलून घ्यावयाच्या मोठ्या दुकानांतच जात राहिली, कारण तेथे कोणी काही विचारीत नाही. ज्या भाषेत आम्ही तिला गुण दिले तिच्यापासून ती तोंड लपवीत होती, ही गोष्ट शिक्षक म्हणून आम्हांस लागून राहिली आहे.

आता मालिका हे अंतर कसे भरून काढते याचे एक लहानसे उदाहरण घेऊ. ‘फ्रान्स दो’ या वाहिनीवर २०१५ साली सुरू झालेली आणि पुढे नेटफ्लिक्समार्फत जगभर गेलेली एक गाजलेली मालिका आहे. नटनट्यांची कामे ठरवून देणाऱ्या पॅरिसमधील एका कचेरीची ती कथा; प्रत्येक भागात कोणी ना कोणी प्रसिद्ध कलावंत स्वतःचीच भूमिका करतो. अशा दलालांची दस्तुरी दहा टक्के, म्हणून मालिकेचे नाव ‘दी पूर साँ’. या नावातील ‘दहा’ हा शब्द लिहिताना शेवटी एक्स असतो. पुढे व्यंजन आले म्हणून येथे तो मुका, उच्चार ‘दी’. ‘दहा वर्षे’ म्हणताना पुढे स्वर येतो, तेव्हा तेच ‘दिजाँ’ होते, आणि त्यातला ज आपल्या ‘जरा’मधला. आकडा एकटाच उच्चारला तर ‘दीस’. एका अंकाचे तीन उच्चार! नियम म्हणून हे फळ्यावर दोन मिनिटांत लिहून देता येते. पण बोलण्याच्या ओघात कोणता ‘दहा’ आला हे ओळखण्यास नियम आठवीत बसण्याची सवड नसते. ते कानालाच आपसूक कळावे लागते, आणि ते शेकडो वेळा, निरनिराळ्या तोंडून ऐकल्यावाचून होत नाही. आठवड्यास तीन तासिका मिळणाऱ्या वर्गात एका शिक्षकाच्या एका आवाजातून हे कसे साधावे?

मराठी भाषकाला या कामी थोडे भांडवल घरचेच आहे, हे येथे सांगावेसे वाटते. फ्रेंचमधील त आणि द हे आपल्यासारखे दंत्य. इंग्रज विद्यार्थ्याला जिथे जीभ वळवून घ्यावी लागते तिथे आपली आधीच योग्य जागी असते. प, त, क यांत हकार मिसळत नाही, तेही आपल्यासारखेच. अनुनासिक स्वरांची गोष्ट तर मोठी मौजेची आहे. ‘व्हॅँ’ म्हणजे मद्य, ‘व्हाँ’ म्हणजे वारा आणि ‘व्होँ’ म्हणजे ते जातात. तिन्हींतील भेद केवळ नाकातून जाणाऱ्या स्वराच्या छटेचा. मराठी लेखनातील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी रजा घेऊन गेले, कारण प्रमाण बोलीतून तो उच्चार त्यापूर्वीच गेला होता. कोकणीत मात्र तो जिवंत आहे. त्यामुळे गोमंतकातील मुलाचा कान या बाबतीत घाटावरील मुलापेक्षा अधिक तयार असतो, असा आमचा अनुभव आहे. ऐंशीला फ्रेंच लोक ‘चार विसा’ म्हणतात याचे इंग्रजी शिकलेल्यांना हसू येते. जुन्या बाजारात विसांनी मोजणारी आपली माणसे ज्याने पाहिली आहेत तो हसणार नाही.

चित्र आणि आवाज यांच्या साहाय्याने फ्रेंच शिकविण्याची कल्पना काही नवी नव्हे. जॉर्ज गूगेनएम यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्समधील अभ्यासकांनी १९५० नंतरच्या वर्षांत सामान्य माणसांची १६३ संभाषणे ध्वनिमुद्रित केली, त्यांतील तीन लाखांहून अधिक शब्दांची मोजणी केली, आणि शिकणाऱ्याला आधी कोणते शब्द द्यावेत ते त्यावरून ठरविले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाचे पिएर काप्रेत्झ यांनी खास दूरचित्रवाणीसाठी ५२ भागांचा अभ्यासक्रम केला. त्यात एका तरुण जोडप्याची गोष्ट होती आणि सारे शिक्षण फ्रेंचमधूनच होते. गूगेनएम यांच्या मोजणीत एक गोष्ट आढळली, ती मालिकांनाही लागू पडते. घरातील नित्याच्या वस्तूंची नावे संभाषणात फार क्वचित येतात. समोर असलेल्या वस्तूचे नाव कोण घेतो? ‘हे दे’, ‘ते ठेव’ एवढ्यावर भागते. म्हणून मालिकेतून क्रियापदे, उद्गार, होकार-नकाराच्या तऱ्हा, रुसवेफुगवे हे सारे मिळेल. काटा, चमचा, चादर यांची नावे पुस्तकातूनच पाठ करावी लागतील.

आता मुख्य मुद्दा. या सेवांवर पडद्याच्या तळाशी संवाद लिहून दाखविण्याची सोय असते आणि त्या ओळी कोणत्या भाषेत हव्यात हे आपण निवडू शकतो. बहुतेक विद्यार्थी इंग्रजी ओळी ठेवतात. गोष्ट कळते, तास सुखात जातो, आणि फ्रेंच पार्श्वसंगीतासारखे मागे वाजत राहते. डोळा कानापेक्षा चपळ आहे. अर्थ आयता वाचायला मिळाला की कान काम सोडून देतो. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील मिटरर आणि मॅक्वीन या दोन संशोधकांनी २००९ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. डच विद्यार्थ्यांना त्यांनी स्कॉटिश व ऑस्ट्रेलियन धाटणीच्या, म्हणजे अपरिचित उच्चारांच्या, इंग्रजीतील सुमारे पंचवीस मिनिटांचे चित्रण दाखविले. ज्यांच्या पडद्यावर इंग्रजीच ओळी होत्या त्यांना त्याच वक्त्याची नवी, पूर्वी न ऐकलेली वाक्येही अधिक चांगली उमगू लागली. ज्यांना मातृभाषेतील ओळी दिल्या होत्या त्यांची नव्या वाक्यांतील समज काहीच ओळी नसलेल्यांपेक्षाही उणी ठरली. यास्तव आमचा आग्रह असा, की आवाज फ्रेंच असेल तर ओळीही फ्रेंचच असाव्यात. लिहिलेला शब्द आणि ऐकलेला ध्वनी यांची गाठ तेथेच पडते.

यातही एक फसगत आहे. कोरियन वा अमेरिकन मालिका फ्रेंच आवाजात पाहावी आणि खाली फ्रेंच ओळी ठेवाव्यात, असे काहीजण करतात. दोन्ही फ्रेंच, पण दोन वेगळी भाषांतरे! आवाज देणाऱ्यास नटाच्या ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवावे लागतात. ओळी लिहिणाऱ्यास त्या ठराविक अक्षरांत बसवाव्या लागतात. त्यामुळे ऐकतो एक आणि वाचतो दुसरेच, अशी गत होऊन नवशिका हताश होतो. तेव्हा मालिका मुळातच फ्रेंच असावी, आणि कर्णबधिरांसाठी दिलेल्या फ्रेंच ओळींची सोय असल्यास ती घ्यावी. त्या उच्चारित शब्दांना बहुधा अधिक जवळ असतात. तरीही त्यांत बोलण्यातून गळलेला ‘न’ कित्येकदा परत बसविलेला आढळतो. ती चूक पकडून दाखविणे हा वर्गासाठी चांगला खेळ होतो.

कोणती मालिका घ्यावी? आरंभी आम्ही ‘आँ व्हिलाज फ्राँसे’ सुचवू. जर्मनांच्या ताब्यातील एका काल्पनिक गावाची १९४० पासूनची ही कथा २००९ ते २०१७ या काळात प्रसारित झाली. माणसे सावकाश आणि नीट बोलतात, काळ जुना असल्याने ‘व्हू’ची, म्हणजे ‘तुम्ही’ची, अदब सांभाळतात, शिवाय इतिहासाच्या शिक्षकाचाही तिच्यात लाभ आहे. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो व कोण ‘तुम्ही’, आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर केव्हा येतो, यावर फ्रेंच संवादाचा निम्मा रस अवलंबून असतो. इंग्रजी ओळींत तो समूळ नाहीसा होतो. मराठी मुलाला तो विनासायास कळतो. मात्र आपला थेट हिशेब तेथे चालत नाही. आपल्याकडे आईला ‘तू’ आणि वडिलांना अनेक घरांत ‘तुम्ही’; आजच्या फ्रेंच घरांत बहुधा दोघांनाही ‘तू’.

२०२१ च्या जानेवारीत आलेली, ओमार सी या नटाची ‘ल्युपँ’ मुलांना फार आवडते. मोरिस लब्लाँ यांनी १९०५ साली निर्माण केलेल्या सभ्य चोराची छाया तिच्यावर आहे. तिची भाषा आजच्या शहरी तरुणांची, म्हणून अवघड. अक्षरे उलटी करून बोलण्याची ‘व्हेर्लाँ’ नावाची रीत तरुणांच्या बोलीत रुळली आहे: ‘फाम’ म्हणजे स्त्री, तिचे उलटून ‘मफ’, ‘फू’ म्हणजे वेडा, त्याचे ‘ऊफ’. आपल्याकडे मुले ‘च’ची भाषा करतात त्याच जातीचे हे. ओळखता यावे, वापरण्याची घाई करू नये. ‘ल ब्युरो दे लेजाँद’ ही गुप्तहेरांची मालिका उत्तम आहे. परंतु तेथे माणसे पुटपुटतात, दोन वर्षे तरी ती बाजूला ठेवावी. कॅनडात क्वेबेक प्रांती जाऊ इच्छिणाऱ्यांनी तेथील मालिकांचा शोध घ्यावा, कारण तेथील उच्चार पॅरिसचे नव्हेत. कोणती मालिका केव्हा कोठे मिळेल हे हक्कांनुसार बदलते. ‘तेव्हे सँक मोंद’ या फ्रेंच वाहिनीची सेवा मात्र विनामूल्य आहे आणि तिच्यावर शिकणाऱ्यांसाठी पाठही आहेत.

पाहण्याची आमची रीत साधी आहे. भाग हवा तर संपूर्ण पाहावा, पण अभ्यासाला त्यातील तीनच मिनिटे घ्यावीत. ती प्रथम ओळींवाचून ऐकावी आणि काय कळले ते वहीत लिहावे. मग फ्रेंच ओळींसह पाहावी, थांबवून नटाच्या पाठोपाठ मोठ्याने म्हणावी, आणि शेवटी पुन्हा ओळींवाचून ऐकावी. गती निम्म्यापर्यंत उतरविण्याची सोय फोनवर असते; आम्ही ती वर्ज्य मानतो, कारण पाववाल्या बाई निम्म्या गतीने बोलत नाहीत. चाळीस मिनिटांच्या तासिकेत एवढेच बसते आणि एवढे पुरते.

कानापलीकडचे काम मालिका करीत नाही. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांचा फ्रेंच उच्चार एकच, ‘ईल पार्ल’. लेखनात दुसऱ्यापुढे कर्त्याचा एस आणि क्रियापदाला मुके ‘एन्त’ येते. ‘तो गेला’ आणि ‘ती गेली’ यांतील क्रियापदाचा फरकही लेखनातच दिसतो, ऐकू येत नाही. देल्फ परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात आणि कोणत्याही एका भागात ५ हून कमी पडले तर विद्यार्थी अनुत्तीर्ण होतो. म्हणून मालिकेतील त्या तीन मिनिटांपैकी पाच वाक्ये आम्ही श्रुतलेखनास घेतो. पहिल्या सत्रात मुले ‘पार्ल’चे बहुवचन हटकून चुकतात; वही परत देताना त्यांच्याकडून ते वाक्य ‘तो’ आणि ‘ते’ असे दोन्ही अर्थांनी मोठ्याने वाचून घ्यावे, म्हणजे फरक कानात नाही, कागदावर आहे, हे त्यांचे त्यांनाच आढळते.