अस्तराचा कर्करोग : पाळी चालू असतानाचे निदान

अस्तर कसे बिघडते

इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाचे आतील अस्तर वाढवते. बीजविमोचनानंतर स्रवणारे प्रोजेस्टेरोन त्या वाढीला आवर घालते. पाळीबरोबर ते अस्तर गळून पडते. बीजविमोचनच होत नसेल, तर आवर घालणारे कोणी उरत नाही आणि अस्तर जाड होत जाते. अशा अस्तरातील पेशींची रचना कालांतराने बिघडू शकते, आणि त्यातून पुढे कर्करोग. पीसीओएस (बीजविमोचन अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) आणि लठ्ठपणा यांचा या रोगाशी संबंध येतो तो इथेच; शरीरातील चरबीतही इस्ट्रोजेन तयार होते.

लक्षण झाकले का जाते

हा रोग बहुधा पाळी गेल्यानंतर होतो. त्या वयात थोडेसे रक्त दिसले तरी संशय येतो. पाळी चालू असताना मात्र तेच रक्त ‘पाळी मागेपुढे होतेच’ या समजुतीत हरवते. दोन पाळ्यांमधील रक्तस्राव, अनेक दिवस लांबणारे अंगावरून जाणे, किंवा काही महिने पाळी न येता एकदम होणारा मोठा रक्तस्राव तपासून घ्यायलाच हवा.

तपासण्या

पॅप चाचणी गर्भाशयमुखासाठी असते. ती निर्दोष आली म्हणून अस्तर निर्दोष ठरत नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते, पण पाळीच्या चक्रात ही जाडी रोज बदलते. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रियांसाठीची ४ मिलिमीटरची मर्यादा इथे लागू पडत नाही. खात्री होते ती बायोप्सीने. बारीक नळीने अस्तराचा अंश घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेक वेळा भूल लागत नाही. मात्र नळी सगळीकडे पोहोचत नाही. रक्तस्राव चालूच राहिला तर दुर्बिणीतून पाहून नमुना घ्यावा लागतो.

कोणासाठी

पंचेचाळिशीनंतर पाळीत असा बदल झाल्यास बायोप्सी करतात. त्याआधी पीसीओएस, लठ्ठपणा, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव किंवा घराण्यात आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग (लिंच सिंड्रोम) असल्यास.

लवकर कळल्यास

सौम्य स्वरूपाचा आणि अस्तरापुरता मर्यादित रोग असेल, तर अपत्य हवे असलेल्या निवडक स्त्रियांवर प्रोजेस्टेरोनसदृश औषधांचे उपचार करता येतात. दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा बायोप्सी मात्र अटळ असते.

भीतीची दुसरी बाजू

निदान न होता केवळ भीतीपोटीही गर्भाशय काढले जाते. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या काहींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. ती भीती खरी की खोटी, हे आधी अस्तराच्या नमुन्यावरून ठरायला हवे होते.