नोंद की बखर?

"मंडळाने किल्ल्याचे संवर्धन करून ऐतिहासिक वारसा जपला" अशा धर्तीचं एखादं वाक्य गावोगावच्या वारसा संस्थांवरच्या ज्ञानकोशीय नोंदींत हमखास सापडतं. वाचताना ते खटकत नाही, कारण त्यात चुकीचं असं काही दिसत नाही. पण नोंद तपासायला बसलेल्या माणसाने नेमकं इथेच थांबायला हवं. संवर्धन म्हणजे काय केलं? टाक्यातला गाळ उपसला, तटावर माजलेली झाडं काढली, ढासळलेला बुरूज पुन्हा रचला, दरवाजा बसवला, की नुसता माहितीफलक लावला? कोणत्या साली, कोणाच्या परवानगीने, कोणतं साहित्य वापरून? याची उत्तरं नोंदीत नसतील तर वाचकाच्या हाती कौतुकापलीकडे काही लागत नाही. आणि हे तपासायची कसोटी आपल्याला कुठून उसनी आणायची गरज नाही. मराठी इतिहास संशोधनाने ती सव्वाशे वर्षांपूर्वीच घडवली आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं होती, आणि प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींतला मजकूर त्या पत्रांच्या शेजारी ठेवून तिथी, माणसं आणि प्रसंग कुठे कुठे चुकले आहेत ते दाखवून दिलं. बखर बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणाच्या तरी सांगण्यावरून, आपल्या माणसाची थोरवी मांडण्यासाठी लिहिली जाते. पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसतं. त्याला रसद हवी असते, पैसा हवा असतो, बातमी कळवायची असते. म्हणूनच ते विश्वासाचं. हाच भेद संस्थेच्या नोंदीला लावून पाहा. रौप्यमहोत्सवी स्मरणिका, अध्यक्षांचं मनोगत, देणगीसाठी छापलेलं माहितीपत्रक ही संस्थेची बखर. राजपत्रातली अधिसूचना, पुरातत्त्व खात्याचा अहवाल, धर्मादाय आयुक्तांकडे भरलेले हिशेब, न्यायालयाचा निकाल, काम चालू असताना वर्तमानपत्रात आलेली बातमी हे कागद. नोंद यातल्या कशावर उभी आहे, हा तपासणीचा पहिला प्रश्न.

नोंद कोणत्या कोशात आहे यावरही तपासणीचा भार कमीजास्त होतो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले, तेव्हा संपादकाचं नाव हीच वाचकाला मिळालेली हमी होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव येतं. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे कळतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि तिथे कोणीही लिहू शकतो, कोणीही बदलू शकतो. लेखकाची सही नाही, म्हणून सगळा भार वाक्यामागच्या त्या छोट्या संदर्भाच्या आकड्यावर येतो. तो आकडा उघडल्यावर संस्थेचंच संकेतस्थळ निघालं, तर सहीही नाही आणि साक्षीदारही नाही अशी गत होते. विकिपीडियाची उल्लेखनीयतेची अट यासाठीच आहे: विषयाशी हितसंबंध नसलेल्या विश्वसनीय साधनांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली हवी. पुष्कळांना ही अट जाचक वाटते. मला ती राजवाड्यांच्या पंगतीतली वाटते.

नोंदीत श्रेय कसं मांडावं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रायगडाचं आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला आणि पुढे तो ओस पडला. महात्मा फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ चा. जेम्स डग्लस यांनी १८८३ च्या 'बुक ऑफ बॉम्बे' या पुस्तकात महाराजांच्या समाधीच्या दुर्दशेबद्दल लिहिलं. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून समाधीच्या जीर्णोद्धाराचा विषय लावून धरला, पुण्यात हिराबागेत सभा झाली, लोकांकडून निधी जमू लागला. १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. समाधीचं काम मात्र पुरं व्हायला १९२६ साल उजाडलं, आणि त्यात लोकवर्गणीबरोबर सरकारचाही वाटा होता. आता या जीर्णोद्धारासाठी झटलेल्या रायगडाच्या स्मारक मंडळावर नोंद लिहायची झाली, तर पहिल्याच ओळीत श्रेयाचा वाद उभा राहतो. समाधी शोधली कोणी, जीर्णोद्धार केला कोणी, यावर आजही हिरिरीने बोललं जातं. नोंदीने निकाल देऊ नये. तिने साल, माणूस, कृती आणि त्या कृतीचा पुरावा असे चार रकाने भरावेत. पोवाडा लिहिणं, इंग्रजीतून तक्रार मांडणं, वर्गणी गोळा करणं आणि प्रत्यक्ष बांधकाम करणं ही चार वेगळी कामं आहेत. "जीर्णोद्धार केला" या एकाच क्रियापदात ती कोंबली की भांडण सुरू होतं. प्रत्येकाला त्याचं त्याचं क्रियापद दिलं की निम्मा वाद आपोआप निवळतो, आणि उरलेल्या निम्म्यात नेमका कशाचा पुरावा हवा आहे ते दिसू लागतं.

क्रियापदांइतकंच साहित्याकडे लक्ष हवं, आणि इथे बहुतेक तपासणारे घाई करतात. जुन्या किल्ल्यांवर दगडी चाकाची, गोल चराची चुन्याची घाणी अजून दिसते. भिजवून मुरवलेला चुना तिथे वाळूबरोबर मळला जाई. कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणी घालत. असा चुना भिंतीतला ओलावा आत-बाहेर जाऊ देतो, भिंत किंचित हलली तर सांभाळून घेतो. सिमेंट कडक आणि घट्ट. सांध्यातून वाट न मिळालेलं पाणी दगडातून किंवा विटेतून बाहेर पडू पाहतं, सोबतचे क्षार पृष्ठभागापाशी साठतात आणि पापुद्रे सुटू लागतात. कोकणातल्या जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाला याचा त्रास अधिक. त्यामुळे "तटबंदीची डागडुजी केली" हे वाक्य चुन्याने खरं केलेलं असेल तर तो गौरव आहे, सिमेंटने केलेलं असेल तर ती हानीची नोंद आहे. शेंदूर किंवा ऑइलपेंट फासलेल्या मूर्ती-शिळांचंही तेच. स्मारकांच्या संवर्धनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने सांगितलं की जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. बुरूज मुळात किती उंच होता याचा पुरावा नसताना तो उंच केला असेल, तर नोंदीने ते स्पष्ट लिहावं. परवानगीचंही तसंच. राज्य संरक्षित स्मारकाची अधिसूचना आधी प्राथमिक आणि मग अंतिम अशा दोन टप्प्यांत निघते. "मंडळाच्या प्रयत्नांनी किल्ला संरक्षित झाला" असं म्हणताना कोणता टप्पा झाला आहे आणि मंडळाचं निवेदन कोणत्या तारखेचं, हे पाहिलंच पाहिजे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लहान गावातल्या मंडळाबद्दल बाहेरच्या कोणी लिहिलेलंच नसतं. रविवारी फावडी-घमेली घेऊन गडावर जाणाऱ्या पोरांची दखल ना अहवालात, ना पुस्तकात. अशी कसोटी लावली तर ज्यांच्यामागे शहर आहे, छापखाना आहे, ओळखी आहेत त्याच संस्था कोशात उरतील. हे खरं आहे, आणि त्यात अन्यायही आहे. पण राजवाड्यांनीही बखरी फेकून दिल्या नव्हत्या. बखर कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही, एवढंच ठरवलं. संस्थेच्या स्मरणिकेवरून स्थापनेचं वर्ष, कार्यकारिणी, कामाची जागा हे घ्यायला हरकत नाही. थोरवी मात्र तिथून घेऊ नये. शिवाय कागद नसतो असं नाही, तो शोधलेला नसतो: ग्रामपंचायतीचा ठराव, वनखात्याचं पत्र, जिल्हा आवृत्तीतली चार ओळींची बातमी. यांतली काही साधनं अशी की ती कोशात थेट चालणार नाहीत, पण त्यांवरून एखादा अभ्यासक लेख लिहील आणि त्या लेखावरून नोंद होईल. तोवर किल्ल्याच्या नोंदीतच मंडळाबद्दल दोन भक्कम वाक्यं असणं, हे स्वतंत्र पानभर पोकळ मजकुरापेक्षा त्या पोरांच्या कष्टांना जास्त न्याय देणारं आहे.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. फुकट राबणाऱ्या माणसांच्या चुका, अर्धवट राहिलेली कामं, आपसातले तंटे कोशात कशाला लिहायचे? लोकांचा हुरूप जाईल. मला उलट वाटतं. संवर्धन हे दीर्घकाळ अपयश पचवत चालणारं काम आहे, आणि तेच गाळलं तर नोंद वाचणाऱ्या पुढच्या मंडळाला काही शिकता येत नाही. पुन्हा रायगडाकडेच पाहा. समाधीसाठी लोकांनी पै पै करून दिलेली रक्कम ज्या बँकेत ठेवली होती ती बँकच बुडाली आणि पैसे गेले. स्मारक मंडळाच्या नोंदीतून ही एक ओळ कोणी संस्थेच्या प्रेमापोटी वगळली, तर १८९५ ची सभा आणि १९२६ ची समाधी यांच्यामध्ये तीस वर्षं का गेली, आणि एकदा हात पोळल्यावर लोकांनी पुन्हा वर्गणी दिलीच कशी, हे वाचकाला कधीच कळणार नाही.