प्रोग्रॅमला विचारायचे खोटे प्रश्न

मे १९९९ मध्ये नासाच्या ‘डीप स्पेस १’ यानाचा कारभार काही काळासाठी ‘रिमोट एजंट’ या प्रोग्रॅमकडे सोपवण्यात आला. बेत यानानंच आखायचे, अडचणीही त्यानंच निस्तरायच्या, असा हा प्रयोग. मध्येच इंजिन बंद व्हायची वेळ आली, आणि ते बंद झालंच नाही. प्रोग्रॅम डेडलॉकमध्ये अडकला होता, म्हणजे त्याचे भाग एकमेकांची वाट बघत थांबले होते.

याच जातीची चूक नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकांना १९९७ मध्ये सापडली होती, पण प्रोग्रॅमच्या वेगळ्या भागात. ‘स्पिन’ या साधनानं त्यांनी तेव्हा एकूण पाच चुका पकडल्या. त्यांतली ही चूक भलतीच चोरटी. प्रोग्रॅममधलं एक काम आधी पाहतं, नवी घटना घडली आहे का? नसेल तर ते झोपी जातं. घटना घडली की त्याला हाक मारून उठवलं जातं. पण पाहणं आणि झोपणं यांच्या मधल्या निमिषातच घटना घडली तर? हाक येते तेव्हा काम जागंच असतं, त्यामुळे ती वाया जाते. मग ते झोपतं आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत राहतं.

शेकडो तासांच्या चाचण्यांतही हे निमिष गाठता आलं नव्हतं, कारण चाचणी घटनांचा एकच क्रम चालवून बघते. अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये सुचवलेला मार्ग वेगळा होता. काळाचं तर्कशास्त्र, म्हणजे टेम्पोरल लॉजिक, मुळात तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांचं. प्नुएलींनी ते प्रोग्रॅमना लावलं. त्यात ‘नेहमी’, ‘कधी ना कधी’, ‘अमुक होईपर्यंत’ असे शब्द काटेकोर चिन्हांत लिहिता येतात: ‘मागणी आली, की कधी ना कधी उत्तर मिळेलच’. पुढे क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांच्या कामातून मॉडेल चेकिंग उभं राहिलं; ‘स्पिन’ हे त्याचंच साधन. प्रोग्रॅमचा सुटसुटीत आराखडा दिला, की त्याच्या शक्य त्या सगळ्या अवस्था संगणक धुंडाळतो. अवस्था मात्र भराभर वाढतात: प्रत्येकी दहा अवस्थांचे दहा भाग जोडले, तर एक हजार कोटी! आराखडा सुटसुटीत ठेवणं हीच यातली खरी कारागिरी.

पण ‘बरोबर आहे’ या शेऱ्यापेक्षा मला या साधनाचा ‘नाही’ जास्त मोलाचा वाटतो. विधान खोटं ठरलं, की ते कसं खोटं ठरतं याची घटनाक्रमासह वाटच हाती येते. म्हणून जाणकार मुद्दाम खोटं विधान करतात: ‘ही अवस्था कधीच येणार नाही.’ साधन तिथपर्यंतचा रस्ता काढून देतं आणि परका आराखडा ओळखीचा होऊ लागतो.

लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘टीएलए प्लस’ भाषाही याच तर्कशास्त्रावर उभी आहे. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी तिच्या मदतीनं डायनॅमोडीबी या डेटाबेसचा आराखडा तपासला, तेव्हा विदा गमावू शकणारा एक दोष हाती लागला. तो उघडा पडायला ३५ पायऱ्यांचा घटनाक्रम जुळून यावा लागत होता. आराखड्याची परीक्षणं, कोडची परीक्षणं आणि चाचण्या या सगळ्यांच्या हातून तो निसटला होता.