अपील म्हणजे स्थगिती नव्हे

तालुक्याच्या कोर्टात दावा हरलेला माणूस पायऱ्या उतरताना हमखास म्हणतो, "आता हायकोर्टात जाऊ." त्याची जिद्द मला समजते, पण दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या हुकूमनाम्यावरचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयात करावं लागतं. मुदत तीस दिवसांची. हुकूमनाम्याची नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस त्यातून वगळले जातात, मात्र नकलेचा अर्ज द्यायलाच पंधरा दिवस लावले तर ते आपल्याच खाती जातात. मग विलंबमाफीचा वेगळा अर्ज, आणि प्रत्येक दिवसाचं कारण.

याहून महाग पडतो तो समज अपील दाखल झालं की निकाल आपोआप थांबतो, हा. दिवाणी प्रक्रिया संहिता नेमकं उलट सांगते. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती देण्यासारखं कारण न्यायालयाला पटावं लागतं. "अपील केलंय ना" म्हणून निर्धास्त घरी बसलेल्या माणसाच्या दारात ताब्याचं वॉरंट घेऊन बेलिफ येऊ शकतो.

जिल्हा न्यायालयातही हरलो तर उच्च न्यायालयात दुसरं अपील करता येतं. तिथे बहुतेकांची निराशा होते, कारण बांध कुणी कोरला, साक्षीदार खरं बोलला का, हे तिथे सहसा पुन्हा तपासत नाहीत. कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच ते दाखल होतं. म्हणून साक्षीपुराव्याची सगळी मेहनत तालुक्यातच व्हायला हवी. खालच्या कोर्टाला 'खालचं' समजून हलक्यात घेणं मला म्हणूनच फार खुपतं.

नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा ही वेगळी उच्च न्यायालयं नव्हेत. 1862 साली सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाचीच ती खंडपीठं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात फिरतं खंडपीठ बसतं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या पक्षकारांची मुंबईवारी त्यामुळे टळली. अमेरिकेत राज्याची आणि केंद्राची न्यायालयं वेगळी असतात, तशी विभागणी आपल्याकडे नाही. भारतीय न्याय संहिता केंद्राची, दारूबंदीचा कायदा राज्याचा, तरी दोन्हींचे खटले एकाच दंडाधिकाऱ्यासमोर चालू शकतात.

आता सातबारा. फेरफार मंजूर झाला की जमीन आपली झाली, या समजुतीवर भावाभावांची आयुष्यं गेली आहेत. महसुली नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंदीविरुद्ध अपील प्रांताधिकाऱ्यांकडे होतं. मालकी हक्काचा वाद मात्र दिवाणी न्यायालयातच सुटतो. वर्षानुवर्षं प्रांत कार्यालयाच्या खेपा घालून मग वकिलाकडे आलेल्यांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. शेताची वहिवाटीची वाट अडवली असेल तर मात्र 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारच दाद देऊ शकतात, पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज हवा.

आणि जिंकलेल्यांसाठीही एक गोष्ट. हुकूमनामा हातात आला म्हणजे ताबा मिळाला, असं होत नाही. समोरचा ऐकत नसेल तर अंमलबजावणीसाठी ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, तिथेच दरखास्त करावी लागते. त्याला बारा वर्षांची मुदत आहे, आणि मनाई हुकूम कायमचा असेल तर मुदतच नाही.